पुलाअलीकडचा जिल्हा

सकाळचा प्रकाश आमच्या अंगणात स्वतःच्या रंगाने कधी येत नाही. नालवाडीत आमच्या घराच्या पूर्वेला एक रिकामा प्लॉट आहे. त्यात बाभळीची रोगट झुडपे आणि कुणीतरी अर्धवट सोडलेला पाया, एवढेच. म्हणजे उगवल्याबरोबर सूर्य थेट आमच्यापर्यंत पोहोचायला हवा. पण मधे दोरीवर कनाती वाळत असतात. वडिलांचे बिछायत केंद्र आहे. लग्न, तेरवी, सत्कार, भूमिपूजन, ज्या कुणाला डोक्यावर कापड आणि बुडाखाली खुर्ची हवी तो आमचा गिऱ्हाईक. आणि काम आटोपले की ते सारे कापड घामाचे, रश्श्याचे, स्वस्त अत्तराचे वास घेऊन आमच्या अंगणात परत येते. म्हणून प्रकाश आधी तांदळाच्या धुवणासारखा, पातळ आणि पांढुरका, रचून ठेवलेल्या लाल खुर्च्यांच्या वरच्या टोकाला लागतो. कुणाची झोप मोडू नये अशा बेताने एकेक खुर्ची उतरत खाली येतो. आणि मग एकाएकी कनातीमागे पेटल्यासारखा उजळतो. ओसरीची फरशी गुलाबी होते, शेजारचा पट्टा हिरवा, त्यापुढचा हळदीचा. आईची पावले हिरव्यातून गुलाबीत जातात. नळाखालच्या बादलीतले पाणी पिवळे थरथरते. कापडावरचे डागही तेव्हाच दिसतात. कुणाच्या तरी लग्नातल्या मठ्ठ्याचा एक, कडेला गर्द आणि मधे फिकट, एखाद्या ओसाड बेटासारखा. चहाचा कप हातात धरून मी हे रोज पाहतो. या घरात पाहण्यासारखे दुसरे काही नाही असे मी स्वतःला सांगत आलो आहे, आणि त्या सांगण्यात तुच्छतेचा एक बारीक आनंदही आहे: इतका सुंदर प्रकाश, आणि तो पडावा कशावर, तर भाड्याच्या खुर्च्यांवर.

त्या सकाळी कनातीमागे एक सावली येऊन उभी राहिली आणि खाकरली. रुपेश होता. शाळेत तो माझ्या बाकावर बसे आणि मला ‘अबे’ म्हणे. त्याच्या अंगावर शिपायाची वर्दी चढली, मी कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवू लागलो, आणि तेव्हापासून तो मला ‘सर’ म्हणतो. या ‘सर’मध्ये आदर आहे की अंतर, हे मी कधी तपासले नाही, दोन्ही मला सारखेच नकोसे. वडील, म्हणजे बंडूजी, न्हाणीतून खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले.

“आता कायची नोटीस रे बाप्पा? काल तर आयुक्तानं हुकूम उडवला ना?”

“तो उडाला, काका. हे दुसरं आहे. मिरवणूक काढायची नाई, डीजे नाई, फटाके नाई. सही करा इथं.”

“पोरगं घरी येऊन राह्यलं अन् वाजवू बी नये? तुमच्या साहेबाच्या निरोपाले खुर्च्या कोनाच्या गेल्या होत्या?”

“तुमच्याच, काका. म्हनून तर साहेबानं मले पाठवलं. दुसरा आला असता तर चहा बी नसता पेला, अन् बूट बी नसते काढले.”

वडिलांनी सही केली. सही करताना ते हसलेही. माझ्या वडिलांना राज्यसंस्थेचा राग फार वेळ ठेवता येत नाही. उद्या तिच्याही कार्यक्रमाला मांडव लागणार असतो.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हेमराजला, वर्धा जिल्ह्यातून हद्दपार केले होते. लोक ‘तडीपार’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या जिभेला किंचित पाणी सुटते. पोलिसांनी प्रस्ताव पाठवला, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी सही केली, आणि एका माणसाने दोन वर्षे आपल्या गावात पाऊल ठेवायचे नाही असे ठरले. अपील झाले, ते लांबले, आणि आदल्या दिवशी नागपूरला विभागीय आयुक्तांनी तो हुकूम रद्द केला. आज दुपारी दादा पुलगावचा पूल ओलांडून परत येणार होता. त्याचे मित्र गाड्या घेऊन जाणार होते, आणि वडिलांनी मला सांगून ठेवले होते, “सख्खा भाऊ समोर पाह्यजे. तू जाजो.”

चहा पिऊन रुपेश निघाला. फाटकाशी थांबून त्याने मला मानेनेच बाहेर बोलावले. गाडीच्या आरशावरची धूळ तो बोटाने पुसत राहिला.

“सर, एक बोलू का? वहिनीले दोन-चार दिवस कुठं तरी पाठवून द्या.”

“कशासाठी?”

“तसं काई नाई. आपलं मनात आलं.”

“हे तुझ्या साहेबांच्या मनात आलं की तुझ्या?”

“साहेबाले काय करायचं? हे मीच म्हनून राह्यलो. वहिनी एकदा ठाण्यात येऊन बसल्या होत्या. तुमाले माहीत नसन. काई बोलल्या नाई. पानी पेल्या अन् गेल्या.”

मी क्वचितच मोठ्याने बोलतो, पण त्या वेळी माझा आवाज मला स्वतःला नवा वाटावा इतका धारदार निघाला. “आमच्या घरात कोण राहील आणि कोण जाईल, हे आता पोलीस ठरवणार का?”

रुपेशने हेल्मेट चढवले. आतून त्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा आला. “नाई सर. घरात आमी येतच नाई ना.”

तो गेला, आणि मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. एखादी माशी दुधात पडावी तसे ते वाक्य माझ्या सकाळीत पडले होते. या माणसांची हिंमत पहा, मी मनात म्हणत होतो. बाजारातून, चौकातून, जिल्ह्यातून माणूस उचलून झाला. आता हे आमच्या माजघरात डोकावून सल्ले देणार. आणि कोणाबद्दल? दादाबद्दल. दादाचा आवाज मोठा आहे हे खरे. मांडवाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगावे लागते, त्या धंद्यात आवाज मोठाच होतो. तो चिडला की वस्तू आपटतो हेही खरे. पण ज्या घरात लोखंडी पाइप आणि खुर्च्या दिवसभर आदळत असतात त्या घरात आपटण्याच्या आवाजाला कोण काय अर्थ लावणार? असे आवाज आले की मी गच्चीवर जाऊन पुस्तक उघडत असे. माझ्या सगळ्या वाचनाची पार्श्वभूमी असा एक दूरचा, अर्थ नसलेला गलका आहे.

दादाच्या हद्दपारीने मला जे दिले ते मी कबूल करतो: आयुष्यात प्रथमच माझ्या तिरस्काराला त्याच्या मापाची वस्तू मिळाली. तोवर मी फुटकळ गोष्टींचा तिरस्कार करीत आलो होतो. लग्नात दोनदा वाढून घेणाऱ्यांचा, प्राचार्यांच्या कवितांचा, चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकांचा. आता समोर खुद्द सत्ता होती. गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. सिद्ध होण्याची गरजच नाही, हेच तर हद्दपारीच्या कलमाचे सौंदर्य. मारामारीचे काही जुने, निकालात न निघालेले खटले, आठवडी बाजारात भाजीवाल्यांना दमदाटी केल्याचा आरोप, आणि दोन गोपनीय साक्षीदार, ‘अ’ आणि ‘ब’. दादाची या दोघांना म्हणे इतकी दहशत, की उघडपणे पुढे यायला ते तयार नव्हते. ज्याला स्वतःचे नाव उच्चारण्याची छाती नाही त्याने दुसऱ्याचे गाव काढून घ्यावे? बाजारातून जाताना मी प्रत्येक चेहऱ्यात ‘अ’ आणि ‘ब’ शोधत असे. वांग्यांवर पाणी शिंपडणारा तो म्हातारा असेल, की कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी ती बाई, जी मला पाहून उगाच जास्त हसते? माझा भाऊ निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्याशी बिनसला म्हणून त्याच्यावर हे आले, हे सगळ्या नालवाडीला ठाऊक होते. तरी कुणी बोलले नाही. भ्याड माणसांच्या सुरक्षिततेसाठी एका माणसाचे स्वातंत्र्य गहाण टाकायचे आणि त्याला ‘सार्वजनिक शांतता’ म्हणायचे. शांतता समितीच्या बैठकीलाही खुर्च्या आमच्याच.

आणि हुकमाचा मूर्खपणा तरी किती सर्वांगपरिपूर्ण! आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. दादाच्या वर्तनाच्या मुळाशी दारू आहे असे पोलिसांनीच लिहिले, आणि उपाय म्हणून त्याला नदीपलीकडे धाडले, जिथे दारूचे दुकान परवान्यासह, दिव्यांच्या माळा लावून हमरस्त्यावर उभे आहे. त्याच्या वाढदिवसाला मित्रांनी चौकात त्याचा फ्लेक्स लावला, तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात खल झाला की हद्दपार इसमाचा फोटो जिल्ह्यात असणे हा हुकमाचा भंग आहे की नाही. शेवटी रुपेशच बांबूवर चढला आणि त्याने दादाचा चेहरा उतरवून, गुंडाळून, काखेत मारून नेला. माणूस नदीपलीकडे धामणगावात आणि त्याचे तोंड नालवाडीत: राज्यसंस्थेला यांतले अधिक घातक काय वाटते, असा प्रश्न वर्गात विचारावा असे मला वाटले. विचारला नाही. वर्गात मी संचारस्वातंत्र्याचे कलम शिकवीत होतो, खिडकीबाहेर पाहत, माझे आवडते वाक्य घोळवीत, की ज्या राज्यात माणूस आपल्या घराच्या रस्त्यावरून चालू शकत नाही त्या राज्यात रस्ते केवळ पोलिसांसाठी बांधलेले असतात. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण सर, ज्या जिल्ह्यात त्याला पाठवतात, तिथं बाजार भरत नाही का?” वर्ग हसला. माझ्या भावाविषयी तिला ठाऊक असणार, सगळ्यांनाच होते. मी म्हणालो की हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, आणि उरलेला तास तिच्याकडे पाहिले नाही.

आमच्या वकील ॲडव्होकेट पौर्णिमा यांच्याशीही माझे असेच झाले. अपिलाचा मसुदा मी लिहिला होता. किती रात्री, किती प्रेमाने! व्यक्तीचे स्वातंत्र्य, समूहाची भीती, सत्तेचा स्वभाव. त्यातले एक वाक्य मला इतके आवडले होते की मी ते गच्चीवर मोठ्याने म्हणून पाहिले होते: ‘या माणसाची भीती वाटते असे सांगणारा एकही चेहरा शासनाला दाखवता आलेला नाही, कारण अशी भीती कुठे अस्तित्वातच नाही.’ पौर्णिमाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते शांतपणे वाचले आणि पेनाने परिच्छेदच्या परिच्छेद आडवे केले.

“सर, हे तुम्ही दिवाळी अंकाला द्या. इथे आपल्याला एवढंच दाखवायचं आहे की खटले जुने आहेत आणि जबाबांची खातरजमा केल्याचं हुकमात कुठे लिहिलेलं नाही.”

“पण मूळ प्रश्न स्वातंत्र्याचा आहे.”

“असेल. पण हुकूम त्यावर उडत नाही, तारखांवर उडतो.” मग माझे उतरलेले तोंड पाहून त्या म्हणाल्या, “बरं, ते भीतीचं वाक्य राहू देते. छान आहे.”

हुकूम खरोखर तारखांवरच उडाला. त्यांच्याविषयीही मला तिरस्कार वाटला, आणि त्यांनी जिंकून दिल्यामुळे तो दुप्पट झाला.

वडील मांडव घालायला गेले. घरात पाटोडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. दादाला तो आवडतो. आई, शकुंतलाबाई, भल्या सकाळपासून राबत होती. मांडणीवरचे काचेचे कप आणि बरण्या तिने एकेक करून पुसल्या, कापडात गुंडाळल्या आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली फिरवली. त्या जागी स्टीलचे पेले मांडले. सणासुदीला बायका अशी मांडामांड करतात, असे मला वाटले. किंवा असे वाटावे याची मी तजवीज केली.

आईबरोबर मी दादाला भेटायला जात असे, ते आठवले. तिच्याजवळ डबा, माझ्या हातात वर्तमानपत्रांची गुंडाळी. हद्दपार माणसाला भेटण्याचीही एक रीत पडून जाते. बसने पुलगाव, मग पुलावरून पायी, खाली वर्धा नदी, बहुतेक वेळा नुसती वाळू आणि वाळूत उभे असलेले तुटपुंजे पाणी. पलीकडे टपरीसमोर बाकावर दादा. तो धामणगावात एका मंडपवाल्याकडे राहत होता आणि पहिल्यापेक्षा जाडही झाला होता. जेवून झाले की आम्हाला पोहोचवायला तो पुलाच्या मधोमध येई, आणि एक पाय आमच्या बाजूला टाकून ओरडे, “मास्तर! बोलाव पोलिसाले! अर्धा हेमराज जिल्ह्यात घुसला म्हना!” आई हसे. मीही हसे. तो पाय मागे घेई आणि आम्ही वळून चालू लागत असू. अर्ध्या पुलानंतर आई डोक्यावरचा पदर खाली घेई, आणि इतकी भराभर चालू लागे की मला तिच्याबरोबर राहणे जड जाई. बसमध्ये ती खिडकीला डोके टेकून झोपत असे, तोंड थोडे उघडे, लहान मुलीसारखी. मुलाच्या विरहाने बाई थकून जाते, असे मी माझ्या मसुद्यात लिहिले होते. तो परिच्छेद पौर्णिमाबाईंनी आडवा केला.

“भाऊजी, स्टँडवर सोडता का?”

वहिनी, गुंजन, माझ्यामागे उभी होती. हातात एक कापडी पिशवी. साडी साधी, रोजची. गुलाबी पट्टा आता फरशीवरून सरकून तिच्या चपलांवर आला होता.

“आज? वहिनी, आज दादा येतोय.”

“म्हनूनच म्हनून राह्यली. गिरडची गाडी भेटली पाह्यजे. बाबूजी मांडवावर आहेत तंवर.”

गिरड तिचे माहेर. तिचे तिथे जाणे नवे नव्हते, पण आज, गाव जमणार, हार घातले जाणार, आणि बायको नाही! पोलिसांच्या हातात याहून चांगला पुरावा कोणता? रुपेशचे वाक्य आठवून मला वाटले, या दोघांचे ठरलेले आहे. आमचे घर फोडण्याचा कट शिजला आहे. मी काही बोलणार तोच आई स्वयंपाकघरातून आली. तिने रश्श्याचा डबा वहिनीच्या पिशवीत उभा ठेवला, भोवती फडके कोंबले, सांडू नये म्हणून, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “गाडी काढ. फटफट फाटकाच्या बाहेर सुरू करजो.”

आईच्या आज्ञेला माझ्याजवळ कलम नाही. मी गाडी हाताने ढकलत बाहेर नेली.

चौकात नवा फ्लेक्स चढत होता. दादाचा चेहरा पूर्वीपेक्षा मोठा, गॉगल, मागे सिंह, आणि खाली ‘वनवास संपला’. कुणीतरी मला हात केला. मी मान हलवली आणि गाडीचा वेग वाढवला. मागे वहिनी डोक्यावरून पदर पुढे ओढून, गाडीच्या कडीला घट्ट धरून बसली होती. माझा तिरस्कार आता तिच्यावर येऊन स्थिरावत होता. सगळे गाव ज्याच्यापुढे खोटे ठरले, आयुक्तांनी ज्याला मोकळे केले, त्याच्यावर त्याच्याच बायकोने असा शिक्का मारावा! स्टँडवर गिरडची गाडी उभी होती, पण चालकाचा पत्ता नव्हता. पेरूवाली, लघवीचा वास, भिंतीवर ‘महिलांचा सन्मान’ अशी रंगवलेली पाटी. आम्ही एका खांबापाशी उभे राहिलो. मी कधी कुणाला विचारत नाही असे मी विचारले.

“वहिनी, गोपनीय साक्षीदार तुम्हीच का?”

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती हसली. चेष्टेचे हसणे नव्हते. लहान मुलाच्या अजागळ प्रश्नाला हसतात तसे.

“मले कोन विचारते, भाऊजी? मी गेलती ना ठाण्यात. सगळं सांगतलं. त्या रुपेशनं पानी आनून देल्लं, मंग साहेब म्हनाले, बाई, हे घरगुती आहे. आमाले सार्वजनिक पाह्यजे. बजारात कोनाले मारलं, रस्त्यावर कोनाले धमकावलं, असं काई असन तर सांगा. तुमचं त्यात बसत नाई.”

“पण रुपेश म्हणाला, तुम्ही काही बोललाच नाहीत.”

“मंग काय म्हनन तो? शरम वाटत असन बिचाऱ्याले.”

मी तत्काळ रुपेशच्या खोटेपणावर तुटून पडलो, मनातल्या मनात. पाहा, हीच ती सत्ता! बाईची तक्रार कागदावर येऊ देत नाही आणि पुढाऱ्याचे गाऱ्हाणे हुकूम होऊन बाहेर पडते! एक सुंदर वाक्य जुळत आले होते, तोल असलेले, शेवटी खाली कोसळणारे. आणि ते वाक्य पूर्ण होईपर्यंत मला वहिनीकडे पाहावे लागले नाही, ही त्याची सोय होती.

“तुमी लिवलेलं अपील बाबूजीनं आमाले वाचून दाखवलं होतं,” ती म्हणाली. “मले अन् आईले बसवून. या मानसाची कोनाले भीती नाई, असं होतं त्यात.”

मी पेरूवालीच्या टोपलीकडे पाहू लागलो.

“आई उठून गेल्या. मी पुरं आयकलं. तुमचं मराठी लय चांगलं आहे, भाऊजी.”

त्यात टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते. चालक आला. वहिनी चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलताना तिने काच अर्धी सरकवली. “त्यायनं विचारलं तर गिरड सांगू नका,” ती म्हणाली. “माहा बाप म्हातारा आहे. दोनदा त्यानं पाय धरले ह्यायचे.”

मी गाडी पुलगावच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, बाया ओळींत वाकलेल्या. उन्हाला आता रंग उरला नव्हता. डोक्यात मी तेच वाक्य पुन्हा जुळवू पाहत होतो, पण त्याचे तुकडे एकमेकांना चिकटत नव्हते. हद्दपारीचा हुकूम अन्यायाचा होता. हे मी आजही म्हणेन. पोलीस लबाड होते, पुढारी नीच होता, साक्षीदार भेकड होते. यांतला एकही शब्द मागे घेण्याची गरज नव्हती. तरीही यापलीकडे काहीतरी शिल्लक राहत होते, भागाकारातल्या बाकीसारखे, आणि मी गाडीचा वेग वाढवत होतो.

पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. डीजे होताच, नोटिशीचा मान राखून त्याचा आवाज पुलगावपर्यंतच मोठा ठेवायचा असे ठरले होते म्हणे. गुलाल, फटाक्यांची लड, वडिलांनी पाठवलेली नवरदेवाच्या बैठकीची लाल मसनद, मावत नसतानाही जीपवर बांधलेली. दूर, झेंडूचा हार आधीच गळ्यात घालून, पांढऱ्या शर्टातला दादा पुलावरून चालत येत होता. मधोमध तो क्षणभर थांबला, दोन्ही हात वर केले, आणि मग सबंध, दोन्ही पायांनी, जिल्ह्यात आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. खाली उतरून त्याने मला शोधले, जवळ ओढले. झेंडूचा, घामाचा, आणि नदीपलीकडच्या त्या परवानाधारक दुकानाचा वास. त्याचे डोळे खरेच भरून आले होते. “मास्तर! तुह्या कलमानं आनलं लेका मले!” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडला, आणि त्याचा तळवा माझ्या मानेवर मागून येऊन बसला, प्रेमाने, जड.

“गुंजन नाई आली?”

“नागपूरला गेली,” मी म्हणालो. “मावसबहिणीचं लग्न आहे. काल संध्याकाळीच गेली.”

हे मी रस्त्यात जुळवले नव्हते. दिवसभर एक वाक्य जमत नव्हते आणि हे मात्र अडखळल्याशिवाय, मावसबहिणीसकट, संध्याकाळसकट बाहेर आले. माझा आवाज शांत होता. खांदे आपोआप वर चढले होते, मान आत गेली होती, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते पाहत होतो.

“माह्या यायच्या दिवशीच लग्न?” दादा हसत म्हणाला. मानेवरची बोटे किंचित आवळली आणि सैल झाली. “कुठं, नागपूरात?”

“मानेवाड्याकडं कुठेतरी. पत्ता नाही माझ्याकडे.”

“आईजवळ असन,” तो म्हणाला. “चाल. बस जीपवर.”

त्याने मला मसनदीवर आपल्या शेजारी बसवले. डीजे सुरू झाला, गुलाल उडाला, लोकांनी मोबाइल वर केले. जीप पूल मागे टाकून जिल्ह्यात शिरली, आणि मी हात जोडून, फ्लेक्सवरच्या माणसांसारखा, समोर पाहत बसलो. घरी आई होती, एकटी, किल्ली कमरेला लावून.

दादा जिल्ह्याबाहेर होता तेवढ्या काळात आमच्या घरात कुणी मार खाल्ला नव्हता. मीही नाही.